झिंबाबाईची विद्या

नेवाशाहून आलेल्या जीपनं दवाखान्याच्या दारात ब्रेक मारला आणि वृषालीच्या मुलीची काचेची पेटी धोक्यात आली.

जीपमधून उतरवलेलं बाळ तिच्या मुलीहूनही बारकं होतं, श्वास घेताना अडखळत होतं. राधाकृष्ण डॉक्टरांच्या नगरमधल्या, सावेडीतल्या दवाखान्यात नाजूक बाळांना उबेत ठेवायची पेटी एकच. डॉक्टर वृषालीच्या खोलीत आले, त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. डॉक्टरांनी चष्मा पुसला की बातमी धड नसते, हे दवाखान्यातल्या मांजरालाही माहीत होतं.

"तुमची मुलगी आता पुष्कळ सावरलीय," ते म्हणाले. "श्वास तिचा ती घेते, चमच्यानं दूध घेते. वजन वाढेपर्यंत तिला ऊब मिळाली की झालं. पण या आलेल्या पोराला पेटी मिळाली नाही तर काही खरं नाही, पुण्यापर्यंतचा रस्ता त्याला झेपायचा नाही."

"मग तिला पुण्याला हलवायचं का?" बजरंगनं विचारलं. तो उभाच होता. मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली तेव्हापासून त्याला बसायचं कसं तेच आठवत नसावं.

"ॲम्ब्युलन्स दारात आहे. पण वृषालीबाईंना नेता येणार नाही. टाके ओले आहेत, अंगात ताप आहे. बाळ पुण्यात, आई इथं."

वृषालीनं चादर मुठीत धरली. मुलगी झाल्यापासून तिनं तिला काचेतूनच पाहिलं होतं. कापडबाजारात काचेआड मांडलेली बाहुली बघावी, तशी. किंमत विचारायचीसुद्धा सोय नाही. आणि आता दुकानच पुण्याला चाललं होतं.

खोलीत दोन विहिणी होत्या आणि त्यांच्यात सकाळपासून शीतयुद्ध चालू होतं. वृषालीची आई रतनबाई सोनईहून आली होती ती कपाळाला आठी घालूनच. पहिलं बाळंतपण माहेरचं. ते सासरच्यांनी 'पळवलं' असं तिचं म्हणणं. सून भर रस्त्यात पोट धरून बसली तिथं माहेर कुठून आणायचं, असं सासूबाईंचं, म्हणजे चांगुणाबाईंचं म्हणणं. पण पुण्याचं नाव निघताच दोघी एका खाटेवर येऊन बसल्या.

"पुन्याला मोठ्या मशिनी हायेत," चांगुणाबाई म्हणाल्या. "लेकरू जगलं पायजे. आईचं काय, आई मागून येईल."

"व्हय बाई," रतनबाईनं मान डोलावली. "म्या जाते लेकरासंगं. तुमी हिच्यापाशी ऱ्हावा."

"तुमाला शिंका येत्यात, तुमी कशाला? मी जाते."

"मला शिंका कुठं येत्या..." म्हणता म्हणता रतनबाईला सणकून शिंक आली, आणि युती तिथंच मोडली.

"पुण्याला न जाताही भागेल," दारातून आवाज आला.

सत्यशीला. बजरंगची थोरली बहीण, याच दवाखान्यातली सिस्टर. झिंबाब्वेतल्या एका मिशनच्या दवाखान्यात वर्षभर बिनपगारी काम करून ती थंडी सुरू होता होता परतली होती. जाण्याआधीची सत्यशीला म्हणजे सावेडीचा भोंगा. वॉर्डात ती "पाय सरळ कर!" म्हणून ओरडली की रस्त्यावरचा रिक्षावालासुद्धा पाय सरळ करायचा. वृषालीच्या लग्नात तिनं सगळं वऱ्हाड दटावून ओळीत बसवलं होतं. सख्ख्या भावालाही सोडलं नव्हतं. "मान खाली कर की, हार घालायला तिला शिडी द्यायची का?"

परत आल्यापासून मात्र तिचा आवाज म्हणून चढला नव्हता. आधी विचारायची, मग ऐकायची. घरच्यांचा धीर सुटत चालला होता. चांगुणाबाईंनी तर एकदा तिच्यावरून मिरच्या ओवाळून टाकल्या. "दृष्टबिष्ट आपन मानत न्हाई, छप्पन साली दीक्षा घेतली तवाच सोडलं समदं," असंही बजावून सांगितलं. "नुसत्या मिरच्या खराब झाल्या हुत्या म्हून जाळल्या."

"काय भागंल?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"बाळ उघड्या छातीवर बांधायचं. कातडीला कातडी. अंगाची ऊब लागली की पेटीचं काम होतं. तिकडं आम्ही रोज करायचो. कांगारू पद्धत म्हणतात त्याला."

"कांगारू म्हंजी?"

"ऑस्ट्रेलियातलं जनावर. पोटाला पिशवी असते, पिलू त्यात वाढतं."

"आमच्या खानदानात पिशवीवालं कोन न्हाई," चांगुणाबाई ठामपणे म्हणाल्या.

रतनबाई मात्र दुसऱ्याच विचारात होती. तिनं पदर सावरला, सत्यशीलाला जवळ बोलावलं आणि आजारी माणसाची चौकशी करावी तशा हळव्या आवाजात विचारलं,

"ताई, कवाचं इच्यारीन म्हनते. आता तब्येत कशी हाय तिची?"

"कुणाची, मावशी?"

"झिंबाबाईची."

चांगुणाबाईंना एकदम खिडकीबाहेरच्या कडुलिंबात फार रस वाटू लागला.

"कोण झिंबाबाई?"

"आता गं माय! वरीसभर जिची सेवा केली ती! लई मोठी बाई म्हनं, खाटंला खिळल्याली. सोनईत समद्यांला ठावं हाय. आमची आक्काबाई तर म्हनली, पगार न्हाई दिला तर न्हाई, पन एवढ्या मोठ्या बाईनं जाताना पोरीला लुगडं तरी नेसवलं का?"

बजरंग खोकल्यासारखं करून भिंतीकडे वळला. त्याचे खांदे हलत होते. वृषालीला हसू आलं आणि टाके दुखले. सत्यशीला आईकडं बघत राहिली. जुनी सत्यशीला असती तर छताचा पंखा आपोआप फिरला असता.

"मावशी, झिंबाब्वे देश आहे. आफ्रिकेत."

"आख्खा देस?" रतनबाईनं विहिणीकडं पाहिलं. "आन तुमी तर म्हनला, बाईला उठवून बसवावं लागतं!"

"मंग काय म्हनू?" चांगुणाबाई उसळल्या. "देस म्हनलं की इच्यारनं आलं. कुठं हाय, कोनासंगं गेली, बिनपगारी कशाला, लगीन का करंना. पोस्टमनच म्हनला झिंबाबाई का कायसं, म्या हू म्हनलं. आजारी बाई म्हनलं की लोक गप बसत्यात. बाई आजारी पडती, हे समद्यांला कळतं."

"म्या चार घरी सांगितलं!" रतनबाई म्हणाली. "भागूबाईनं तर तिच्यासाठी हळदीचं दूध सुचवलं!"

आता विहिणी पुरत्या फुटल्या. रतनबाई उठली आणि पोत्यासारखी धप्पकन लेकीच्या पायाशी, म्हणजेच सत्यशीलाच्या बाजूला, जाऊन बसली. "तू सांग पोरी. खरं काय ते तूच सांग. फुकट राबून तुला काय मिळालं?"

सत्यशीलानं स्टूल ओढलं. वृषालीनं नणंदेला बसून बोलताना पहिल्यांदाच पाहिलं असावं. आजवर ती उभ्यानंच बोलायची. आणि समोरचा बसायचा.

"पहिले काही महिने तर मावशी, मला कुणाला रागावताच आलं नाही. रागवायला भाषा लागते. 'पाय सरळ कर' हे त्यांच्या भाषेत येईना. मी मराठीतून ओरडले, तर बाया हसून टाळ्या वाजवायला लागल्या. त्यांना वाटलं सिस्टर गाणं म्हणते."

"मंग?"

"मग गप बसावं लागलं. तोंड बंद झालं तेव्हा डोळे उघडले. कळ यायच्या आधी बाईच्या कपाळावर आठी कुठं पडते, ती नाही म्हणते तेव्हा भीती असते की खरंच नाही असतं, हे बघायला शिकले. इथं मला कुणाकडं बघायची गरजच नव्हती, माझा आवाज होता ना." ती जराशी हसली. "आणि तिथं पेट्या नव्हत्या. थंडी आपल्या नगरसारखीच, झोंबणारी. पण वॉर्डाच्या पायरीवर उन्हात बाया बसायच्या, छातीला इवलीइवली पोरं बांधून, शेंगा सोलत, गप्पा मारत. आईला बरं नसलं की आजी बांधायची. एकदा तर एका बाळाचा बाप पोर बांधून पत्ते खेळत होता. मी सगळं बरोबर शिकवायला गेले होते मावशी. ते पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी मी त्या पायरीवर जाऊन बसले, शेंगा सोलायला."

डॉक्टर इतका वेळ दारात उभे राहून ऐकत होते. "मी याबद्दल वाचलंय," ते म्हणाले, "यांनी केलंय. तुम्ही निघालात तेव्हा मीच म्हणालो होतो सिस्टर, वर्ष वाया घालवू नका."

"दोनदा म्हणाला होतात," सत्यशीला गोड आवाजात म्हणाली.

"हो का." डॉक्टरांनी चष्मा पुसला. "मुलगी स्थिर आहे, म्हणून करून बघायला माझी हरकत नाही. माझी नजर राहील. पण ॲम्ब्युलन्स दारातून हलणार नाही. पाय गार पडले, दूध घेईना, की लगेच पुणे."

मग काय, सगळे एकदम बोलू लागले. चांगुणाबाईंना मशीनच हवी होती. रतनबाई आता कांगारूच्या बाजूनं अशी तावातावानं भांडत होती, जणू काही ते सोनईचंच जनावर. बजरंग दोघींना "आई, आई" म्हणत होता आणि दोघीही त्याला "तू गप" म्हणत होत्या. वृषालीला वाटलं, आता सत्यशीलाताई एक आरोळी ठोकेल आणि सगळे ओळीत बसतील.

सत्यशीला तिच्या खाटेशी आली. वाकली. हळूच म्हणाली, "वृषाली, तुला काय पाहिजे?"

सासरी आल्यापासून तिला चहा पाहिजे का, ते विचारलं होतं. भाजी कसली पाहिजे तेही, क्वचित. असा प्रश्न मात्र कुणी विचारला नव्हता. सगळ्यांची तोंडं तिच्याकडं वळली.

"इथं राहू दे तिला," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांसमोर. कुणाच्याही छातीवर असू दे."

"झालं मग," सत्यशीला म्हणाली.

पण कुणाच्या छातीवर? ताप उतरेपर्यंत वृषाली नको, असं डॉक्टरांनी बजावलं. रतनबाईच्या शिंका. चांगुणाबाईंना खोकला. सत्यशीलाला नेवाशाच्या बाळापाशी राहायचं होतं. सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत बजरंगवर येऊन थांबल्या.

बजरंगनं शर्टाची दोन बटणं काढली. तिसऱ्यावर हात गेला तेवढ्यात व्हरांड्यातल्या बाकावरून खाकरल्याचा आवाज आला. त्यानं भराभर दोन्ही बटणं परत लावली.

व्हरांड्यात रंभाजी होते. वृषालीचे सासरे, एसटीचे निवृत्त कंट्रोलर. अजून बोलायचे ते स्टँडवरच्या भोंग्यातून बोलल्यासारखे. आणि त्यांच्या घराण्याची रीत होती: बापानं वडीलधाऱ्यांदेखत स्वतःचं लेकरू उचलायचं नाही. निर्लज्जपणा तो. बजरंग लहानपणी पडून रडत राहिला, तरी रंभाजींनी आधी आपल्या वडिलांकडं पाहिलं होतं आणि मग छताकडं. सोयर गेलं, सुतक गेलं, ही रीत मात्र कुणी सोडायला सांगितलीच नाही, म्हणून राहून गेली होती.

"दादा बसलेत," बजरंग कुजबुजला.

"मग?" सत्यशीला.

"मग काय मग! त्यांच्यासमोर मी उघडा होऊन माझीच पोरगी छातीला बांधू?"

"भिऊ नगंस," चांगुणाबाई म्हणाल्या, पण स्वतः भ्यायल्यासारख्या दाराकडं बघत. काचेपलीकडं नर्स पेटीतून मुलीला काढत होती. टोपी, लंगोट, आणि मध्ये काहीच नाही इतकी मुलगी. वेळ नव्हता. वृषाली खाटेवर अर्धी उठली.

"मामा," तिनं हाक मारली. सासऱ्यांना अशी मोठ्यानं हाक तिनं कधी मारली नव्हती.

बाकाचा करकर आवाज झाला. रंभाजी उठून दारात आले. त्यांनी बटणं लावून ताठ उभ्या मुलाकडं पाहिलं, मग काचेकडं. दार उघडंच होतं. त्यांनी सगळं ऐकलंच असणार. त्यांनी खोलीतली लोखंडी खुर्ची उचलली, भिंतीकडं तोंड करून ठेवली, तिच्यावर बसले आणि पेपर उघडला.

"मी पेपर वाचतोय," ते भिंतीला म्हणाले. "पेपर वाचताना मला कायपन दिसत न्हाई."

बजरंगनं शर्ट काढला. सत्यशीलानं चांगुणाबाईंचं धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनेर घेतलं, मुलगी त्याच्या छातीवर उभी ठेवली, बेडकासारखे पाय दुमडले, तोंड एका बाजूला वळवलं आणि पाठीमागून दोन वेढे देऊन गाठ मारली. "नाक मोकळं आहे ना, एवढं बघत राहा. बाकी ती बघेल."

"गुदगुल्या होतायत," बजरंग ओठ न हलवता म्हणाला.

"हसायचं नाही."

"ती बोटं हलवतेय."

"हलवू दे. हसलास तर भूकंप होईल तिला."

हसू दाबून दाबून बजरंगच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते थांबेना, आणि ते गुदगुल्यांचं नाही हे वृषालीच्या ध्यानात आलं. तिनं तोंड फिरवलं. भिंतीकडं तोंड केलेल्या पेपरचं पान फार वेळ उलटलं नव्हतं.

दर थोड्या वेळानं कुणीतरी मुलीचे पाय चाचपत होतं. आधी डॉक्टर, मग नर्स, मग रतनबाई, मग रतनबाईनं बरोबर चाचपले का हे बघायला चांगुणाबाई. पाय उबदार होते. मुलीनं चमच्यानं दूध घेतलं, थोडं सांडलं, परत घेतलं. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर खिडकीतून डोकावून "निघायचं का?" विचारून गेला, आणि दोन्ही विहिणी एकसुरात "दम धरा!" म्हणाल्या. युती मोडल्यापासूनचं त्यांचं हे पहिलं एकमत.

दुपार कलली आणि बजरंग एका पायावरून दुसऱ्या पायावर होऊ लागला.

"ताई," तो म्हणाला, "मला जायचंय."

"कुठं?"

"जायचंय गं!"

सत्यशीला नेवाशाच्या बाळापाशी अडकली होती. दारातूनच म्हणाली, "दुसऱ्या कुणाला तरी दे."

"कुणाला?"

भिंतीकडल्या खुर्चीवर पेपरची घडी झाली. आधी मफलर निघाला. मग स्वेटर. मग सदरा, मग बंडी. चांगुणाबाईंनी "अगं बाई" म्हणून तोंडाला पदर लावला. पांढऱ्या केसांची, हडकुळी, उघडी छाती घेऊन रंभाजी वळले. थंडीनं अंगावर काटा होता.

"दादा, तुम्ही?" बजरंग म्हणाला.

"आपल्या लेकराला न्हाई घ्यायचं. नातीला घ्यायला कोनी बंदी केली?" रंभाजी म्हणाले. आवाज भोंग्यातलाच निघाला, पण भोंग्याची वायर कुठंतरी सैल झाली असावी. "लवकर बांध. मानूस गारठतंय."

वृषालीनं खाटेवरून हात पुढं करून जुनेराचं टोक धरलं, रतनबाईनं गाठ मारली. मुलगी एका बापाच्या छातीवरून दुसऱ्या बापाच्या छातीवर गेली. बजरंग पळाला. परत आला तेव्हा कुणी त्याला मुलगी दिली नाही. रंभाजींनी हनुवटी वर धरली होती. श्वाससुद्धा बेतानं घेत होते.

"द्या, मी घेतो आता," बजरंग म्हणाला.

"बस. दमलास तू." मग, कुणाकडंच न बघता, "काळीज केवढं फडफडतंय रं हिचं. तुझं बी असंच फडफडलं आसंल."

बजरंग तिथंच, बापाच्या पायाशी, फरशीवर बसला. त्याला बसायचं आठवलं एकदाचं.

"एवढं जमत हुतं," चांगुणाबाई खिडकीकडं तोंड करून म्हणाल्या, "तर माज्या टायमाला काय झालं हुतं?"

रतनबाईनं विहिणीच्या पाठीवर हात ठेवला आणि चहा ओतायला घेतला.

डॉक्टरांनी संध्याकाळी वृषालीच्या तोंडातला थर्मामीटर काढून उजेडाकडं धरला. चष्म्याला हात लावला नाही.

"उतरला," ते म्हणाले. "पाय गरम आहेत तिचे. त्या ड्रायव्हरला सांगा, मोकळा झालास म्हणून. आणि सिस्टर, उद्या आमच्या मुलींना हे बांधायचं शिकवा. मलाही."

सत्यशीलानं गाठ सोडली. रंभाजींच्या छातीवर मुलीच्या गालाचा लाल ठसा उमटला होता. त्यांनी तो सदऱ्यानं झाकला नाही. वृषालीनं पदर बाजूला केला. टाक्यांच्या वर, दोन हातांच्या मध्ये, इतकंसं ओझं आलं. ओझं म्हणावं तर नाही, पण त्याखाली ती सबंध दबून गेली. आजोबांच्या उबेतून काढलं, क्षणभर थंडी लागली, आणि मुलीनं तोंड उघडलं.

इतके दिवस पेटीतून तिचं रडणं वृषालीला ऐकूच आलं नव्हतं. काचेआड तोंड नुसतं हलायचं. आता असं भोकाड निघालं की दोन्ही विहिणी दचकल्या, नर्स धावत आली, शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर थाप मारली.

"थोपट, थोपट तिला," चांगुणाबाई म्हणाल्या. "गप कर."

"नाही," वृषाली म्हणाली. मुलीचं सगळं रडणं तिच्या बरगड्यांतून घुमत होतं. "रडू द्या. मला ऐकायचंय."